माहूरगड : किल्ला कोणाचा ?

स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आला तेव्हा नेहमीचे विषय डोळ्यांपुढे उभे राहिले. पानिपत, ताजमहाल, टिपू सुलतान. परंतु या विषयांवर थोर मंडळींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे आणि आमच्या विद्यार्थ्यांना ते वाचनालयात सहज मिळते. त्याऐवजी आपल्याच नांदेड जिल्ह्यातील एका डोंगराविषयी लिहावे असे ठरविले. त्याला एक प्रसंग कारणीभूत झाला. तो आधी सांगतो.

मागे एकदा शाळेची सहल माहूरला न्यायचे ठरले. प्रासंगिक करारावर एस. टी. घेतली, वर्गणी ठरली आणि पालकांच्या संमतीपत्रांसाठी मी घरोघरी हिंडू लागलो. शिलाईकाम करणारे एक पालक यंत्रावरून मान वर न करता म्हणाले, “सर, पोराला पाठवतो मी, तुमच्या शब्दाबाहेर न्हाई. पन तिथं आमचं काय हाय ?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचे होते. मी म्हणालो, “चाचा, किल्ला आहे, जंगल आहे, मुलं बघतील.” त्यांनी सही केली. माझे उत्तर मात्र माझे मलाच पुरेसे वाटले नाही.

पुढे सहल निघाली. पहाटेच्या अंधारात मुखेड सोडले, नांदेड मागे टाकले आणि अर्धापूर, हदगाव, उमरखेड, महागाव करीत धनोड्याला पैनगंगेच्या पुलावर आलो. भूगोलाचा पहिला धडा येथेच मिळतो. हदगाव सोडले की पैनगंगा ओलांडून आपण यवतमाळ जिल्ह्यात शिरतो आणि धनोड्याला तीच नदी पुन्हा ओलांडून परत नांदेड जिल्ह्यात येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या गावाला जाण्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून जावे लागते, याची मुलांना मोठी मौज वाटली. “सर, नदीनं वेढा घातलाय !” असे एकजण ओरडला. तो बरोबर बोलला होता. माहूरच्या डोंगराला पैनगंगेने तीन बाजूंनी विळखा घातलेला आहे. त्या विळख्यात सागाचे दाट जंगल, त्यातून वर आलेली शिखरे आणि त्यांपैकी एका डोंगरावर हा किल्ला.

माहूरला रेणुकादेवीच्या मंदिरापर्यंत आज मोटारी जातात. तेथून पुढे दत्तशिखर आणि अनसूयाशिखर येथेही रस्ता पोहोचला आहे. त्यामुळे बहुतेक लोक वाहनातून चढतात, दर्शन घेतात, फोटो काढतात आणि वाहनातूनच उतरतात. आम्ही मात्र मुलांना पायीच चढविले. हिवाळ्याचे दिवस होते. सागाची मोठमोठी पाने वाळून वाटेवर पडलेली, त्यांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होई. पळस, मोह, तेंदू, सीताफळ, बांबू ही झाडे मुलांनी वहीत टिपून घेतली. वाटेत डोक्यावर मोळ्या घेतलेल्या काही स्त्रिया भेटल्या. या भागात गोंड, कोलाम, आंध या आदिवासी जमातींची आणि बंजारा समाजाची वस्ती आहे. जंगल त्यांना जेवढे कळते तेवढे आम्हा मास्तर लोकांना कळत नाही हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. दोन झाडांची नावे त्या बायांनीच आम्हाला सांगितली.

घाटरस्त्यावरून किल्ल्याकडे फुटणाऱ्या वाटेने आम्ही तटाशी आलो. दोन डोंगरांना कवेत घेऊन तट धावतो. आत मोठा तलाव आहे, दारूकोठार आहे, महालाचे अवशेष आहेत, मशीद आहे आणि महाकाली बुरुजावर देवीचे स्थान आहे. हत्ती दरवाजा पाहून मुले गप्प झाली. बुरुजावर उभे राहिले की खाली पैनगंगेचे खोरे आणि चहूकडे डोंगरामागून डोंगर. तो देखावा शब्दांत सांगण्याच्या फंदात मी पडत नाही, प्रत्यक्षच पाहावा.

आणि तेथेच ठिणगी पडली. नववीतल्या एका मुलाने तोफेवर हात ठेवून म्हटले, “हा किल्ला आपला !” दुसरा लगेच म्हणाला, “तुमचा कसा काय ? देवीचा गड हाय हा.” पहिला म्हणाला, “मग ती मशीद कुणी बांधली ?” दोघांच्या बाजूने दोन-दोन, चार-चार मुले उभी राहिली. सकाळी एकाच डब्यातली भाकरी खाल्लेली ही मुले ! अखेर दोघेही माझ्याकडे वळले. “सर, तुम्हीच सांगा. किल्ला कोणाचा ?”

मी इतिहास घेऊन बी. ए. झालेलो, बी. एड. झालेलो. फ्रेंच राज्यक्रांतीची कारणे मी झोपेतही सांगू शकतो. परंतु माझ्याच जिल्ह्यातल्या किल्ल्याचा इतिहास मला चार वाक्यांपलीकडे येत नव्हता. मी “गप्प बसा, खाली चला,” असे म्हणून वेळ मारून नेली. परतीच्या वाटेवर एस. टी. त नेहमीसारखी गाणी झाली नाहीत. ती शांतता मला फार लागली. सुटीत मी नांदेडच्या ग्रंथालयात बसून जे वाचले, त्याचा सारांश पुढे देत आहे. त्या दोन मुलांना जे उत्तर मी तेथे द्यायला हवे होते, तेच हे उत्तर आहे.

प्रथम नकाशा उघडावा. पैनगंगेच्या उत्तरेला वऱ्हाड, दक्षिणेला आणि पूर्वेला तेलंगण, पश्चिमेला मराठवाडा. बऱ्हाणपूर किंवा वऱ्हाडाकडून गोवळकोंड्याकडे जाणारा मार्ग या मुलखातून जातो. ज्याच्या हाती माहूर त्याच्या हाती ही वाट. म्हणून दिल्ली असो, बिदर असो की अहमदनगर, दख्खनवर राज्य करू पाहणाऱ्या प्रत्येकाला हा डोंगर हवा होता. किल्ला वारंवार एकाकडून दुसऱ्याकडे गेला याचे मूळ कारण हे आहे, आणि ते भूगोलात आहे.

किल्ल्याच्याही आधीचा काळ पाहायचा असेल तर गावाजवळची लेणी पाहावीत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा त्यांच्याशी संबंध नाही, अभ्यासक ती राष्ट्रकूट काळातील मानतात. म्हणजे आपल्या कंधारला ज्या घराण्याची सत्ता होती त्याच घराण्याचा तो काळ. यादवांच्या काळात माहूर हे मोठे तीर्थक्षेत्र म्हणून प्रसिद्ध होते. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पीठ येथे आहे. दत्तसंप्रदायाचे आणि महानुभाव पंथाचेही हे पवित्र स्थान आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ ‘लीळाचरित्र’ ज्या पंथाने आपल्याला दिला, त्याची गुरुपरंपरा माहूरशी जोडलेली आहे. तेव्हा मराठी भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाचे, मग त्याचा धर्म कोणताही असो, या डोंगराशी एक नाते येथेच लागते.

किल्ल्याचे मूळ मात्र स्थानिक राजांकडे जाते. परंपरा त्यांना गोंड म्हणते. पंधराव्या शतकात येथे एक स्वतंत्र वृत्तीचा राजा होता आणि बहमनी सुलतान अहमदशहा वली याने इ. स. १४२५ च्या सुमारास त्याच्यावर स्वारी करून माहूर घेतले. फेरिश्ता हा फारसी तवारिखकार या मोहिमेच्या कठोरपणाचेही वर्णन करतो. इतिहास शिकविताना आपण असा भाग गाळू नये. राज्य घेणे हे त्या काळी रक्त सांडूनच होत असे. पुढे बहमनी राज्याचे जे तुकडे झाले, त्यांतील मुसलमान सुलतान एकमेकांशी त्याच कठोरपणे लढले आणि याच किल्ल्यासाठी लढले, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान याचे नाव आमच्या पालकांनी ऐकलेले असते. त्याने इ. स. १४७२ मध्ये बिदरला बांधलेला मदरसा आजही उभा आहे आणि मुखेडहून बिदर काही फार दूर नाही. या विद्वान वजिराने राज्यकारभारात मोठी सुधारणा केली. चार मोठ्या प्रांतांचे आठ प्रांत केले, हेतू असा की, एकाच सुभेदाराच्या हाती फार मोठी सत्ता राहू नये. त्या वेळी वऱ्हाडचे दोन भाग झाले, एकाचे ठाणे गाविलगड आणि दुसऱ्याचे माहूर. म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी आपले माहूर हे एका प्रांताचे मुख्य ठाणे होते. तेथे खुदावंदखान नावाचा हबशी सरदार नेमला गेला. हबशी म्हणजे आफ्रिकेतून आलेला. कोठे आफ्रिका आणि कोठे पैनगंगा ! महमूद गावानला मात्र या सुधारणेची किंमत मोजावी लागली. ज्यांची सत्ता कमी झाली त्या सरदारांनी कट करून सुलतानाचे कान भरले आणि इ. स. १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. तो गेल्यावर राज्यही फार काळ एकसंध राहिले नाही.

त्यातून वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली. तिचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क हा जन्माने विजयनगरच्या मुलखातील ब्राह्मण. लहानपणी युद्धकैदी म्हणून आला, मुसलमान झाला आणि आपल्या कर्तबगारीने सुलतान झाला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात माहूर इमादशाहीत आले. इ. स. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने वऱ्हाड जिंकले. त्या निजामशाहीचे मूळ घराणे कोठले ? आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीचे कुलकर्णी, असे फेरिश्ता सांगतो. पुढे इ. स. १५९६ मध्ये चांदबिबीने मोगलांशी तह केला, त्यात वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले आणि माहूर अकबर बादशहाच्या राज्यात गेले.

आता विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. आफ्रिकेतला हबशी, विजयनगरचा ब्राह्मण झालेला सुलतान, पाथरीच्या कुलकर्ण्यांचे वंशज, आग्र्याचा बादशहा, असे हे किल्ल्याचे धनी. यांतल्या कोणाला ‘आपला’ म्हणायचे आणि कोणाला ‘परका’ ? तोफेवर हात ठेवून भांडणाऱ्या माझ्या दोन विद्यार्थ्यांपैकी कोणाच्याही बाजूने ही यादी सरळ लागत नाही.

अकबराचा इतिहासकार अबुल फजल याने ‘आइने अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना माहूर सरकारची नोंद घेतली आहे. डोंगरावरील हा किल्ला फार मजबूत आहे असे तो सांगतो आणि लगेच शेजारच्या देवीच्या मंदिराचीही आदराने नोंद करतो. त्यापुढची नोंद आमच्या शेतकरी पालकांना आवडेल. येथील म्हशींची जात उत्तम असून त्या अर्धा मण आणि त्याहूनही अधिक दूध देतात, असे तो लिहितो. अकबरी मण आपल्या जुन्या मणाहून लहान होता, तरीही अर्धा मण म्हणजे आजचे बारा-साडेबारा किलो होतेच. किल्ला, मंदिर आणि म्हैस या तिन्ही गोष्टी एकाच दमात लिहिणारा तो लेखक मला फार आवडला. मुलूख समजून घ्यायचा तर असाच घ्यावा लागतो.

यानंतर येते ते उदाराम घराणे. उदाराम, ज्याला फारसी ग्रंथ उदाजीराम म्हणतात, हा दख्खनी ब्राह्मण सरदार. तो प्रथम मलिक अंबरच्या पदरी होता, नंतर मोगलांकडे गेला आणि माहूर त्याच्याकडे आले. इ. स. १६२३ मध्ये शहजादा खुर्रम याने बाप जहांगीर याच्याविरुद्ध बंड केले. हाच पुढे शाहजहान झाला. बादशाही फौजा पाठीवर घेऊन तो बऱ्हाणपूरहून दक्षिणेकडे पळाला. गोवळकोंड्याच्या हद्दीतून पुढे ओरिसाकडे जायचे होते आणि घाई होती. त्या वेळी आपले हत्ती आणि जड सामान त्याने माहूरच्या किल्ल्यात उदारामच्या हवाली केले. मुलांनो, विचार करा. ज्याच्यामागे सख्ख्या बापाची फौज लागली आहे, तो शहजादा आपली ठेव एका दख्खनी ब्राह्मणाच्या स्वाधीन करून निघून जातो. ज्याने पुढे ताजमहाल बांधला त्याच्या पडत्या काळातील ठेव आपल्या जिल्ह्यातील एका डोंगराने सांभाळली, ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे ? मला स्वतःला ती पस्तिशीच्या जवळ आल्यावर कळली.

याच घराण्यातील सावित्रीबाई ही शूर स्त्री. तिला मोगल दरबारातून ‘रायबागन’ हा किताब मिळाला. त्याचा अर्थ राजव्याघ्री. शाएस्ताखानाच्या मोहिमेत ती स्वतः फौजेसह होती. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या सैन्याला जंगलात कोंडले, तेव्हा खानाला शरण जाण्याचा शहाणपणाचा सल्ला रायबागननेच दिला, असे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त वर्णन आहे. महाराजांनीही शरण आलेल्यांना वाट दिली. माहूरची ब्राह्मण स्त्री मोगलांच्या बाजूने लढते, मुसलमान सेनापती तिचा सल्ला मानतो आणि शिवाजी महाराज शरणागताला अभय देतात, असा हा एकच प्रसंग आहे. शाळेच्या पुस्तकातील दोन रंगांच्या नकाशात तो मावत नाही. आमच्या मुलींनी तर रायबागनचे नाव जरूर लक्षात ठेवावे. घोड्यावर बसून फौज चालविणारी ही बाई आपल्याच जिल्ह्यातली.

राजे-सरदारांबरोबर या डोंगरावर साधू आणि सूफीही आले. दासोपंत (१५५१ ते १६१५) हे बिदरच्या मुलखातील देशपांडे घराण्यातले. त्यांनी माहूरला बारा वर्षे तप केले, अशी परंपरा आहे. पुढे ते अंबाजोगाईला राहिले आणि लांबलचक पासोडीवर त्यांनी काव्य लिहिले. माहूरला सोनापीर बाबांचा दर्गा आहे. थोड्या अंतरावर वझरा येथे धबधब्याजवळ शेख फरीद यांच्या नावाचा दर्गा आहे. पावसाळ्यात त्या धबधब्याला लोकांची रीघ लागते. देवीचे दर्शन करून आलेली माणसे दर्ग्यावरही जातात. ही रीत कोणी समिती नेमून पाडलेली नाही. जंगलात, डोंगरात, वाट चुकण्याच्या आणि जनावराच्या भयात राहणारी माणसे एकमेकांचा आधार घेत आली, त्यातून ती आपोआप पडली असावी, असे मला वाटते.

मोगलांनंतर इ. स. १७२४ पासून निजामाची सत्ता आली. किनवट तालुका, ज्यात तेव्हा माहूर होते, हा निजामी राज्यात अदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली भाषावार राज्यरचना झाली तेव्हा किनवट तालुका नांदेड जिल्ह्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे ‘माहूर आपल्या जिल्ह्यात’ ही गोष्टही तशी आजोबांच्या काळातलीच आहे. पुढे माहूर हा स्वतंत्र तालुका झाला.

आता त्या हत्ती दरवाजाकडे परत येऊ. ‘हत्ती’ हा शब्द संस्कृतातील ‘हस्ती’वरून आलेला, ‘दरवाजा’ हा फारसी. ‘किल्ला’ अरबी, ‘गड’ देशी. ‘बुरूज’ अरबी, ‘तोफ’ तुर्की. ‘दारूकोठार’ या शब्दात पहिला अर्धा भाग फारसी आणि दुसरा अर्धा संस्कृतातला. ज्यांनी दगड घडविले, ज्यांनी पहारे केले, ज्यांनी हिशेब लिहिले, त्यांच्या तोंडची बोली एकमेकांत मिसळून हे शब्द झाले. आज आपण ज्या ‘तालुक्या’त राहतो आणि ज्या ‘जिल्ह्या’त मोडतो ते शब्दही अरबीच, पण ते मराठी नाहीत असे कोण म्हणेल ? त्या दिवशी माझे विद्यार्थी ‘हा किल्ला आपला’ आणि ‘हा गड देवीचा’ म्हणून भांडले. भांडणाचे दोन्ही शब्द त्यांना एकाच मराठी भाषेने दिले होते, हे तेव्हा मला सुचायला हवे होते.

पुढच्या खेपेला मी दुसरी तुकडी घेऊन गेलो. या वेळी तयारी करून गेलो. चढण्याआधी पायथ्याशी मुलांना बसवून नकाशा दाखविला. पाच-पाच जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकेक प्रश्न दिला. पाणी कोठे साठविले आहे ? तटाचा सर्वांत दुबळा भाग कोणता ? दरवाजा सरळ समोर न ठेवता वळणावर का ठेवतात ? येथे कोणाकोणाची उपासनेची ठिकाणे आहेत ? आश्चर्य असे की, ‘किल्ला कोणाचा’ हा प्रश्न या वेळी कोणी विचारला नाही. मुले तलावाच्या काठावर पावले मोजीत होती. एका मुलीने विचारले, “सर, एवढ्या उंचावर दगड कुणी आणले असतील ? त्यांची नावं कुठं लिहिलीत ?” या प्रश्नाचे उत्तर ना फेरिश्त्याकडे आहे, ना अबुल फजलकडे. ज्यांनी डोंगर फोडला, पाणी वाहिले, चुना मळला, त्यांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत. त्यांच्यात या रानातले गोंड असतील, कोलाम असतील, मुसलमान संगतराश असतील, वडार असतील. किल्ल्यावर कोणाचा हक्क सांगायचाच झाला तर पहिला हक्क त्यांचा. आणि आपण बहुतेक सारे त्यांच्यासारख्याच कष्टकरी घरांतून आलेलो आहोत.

पालक बंधू-भगिनींनो, आता काही व्यवहाराच्या गोष्टी. माहूरला पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात जाणे उत्तम. उन्हाळ्यात सागाची पाने गळून डोंगर तापतो. पायांत घट्ट बूट असावेत, पिण्याचे पाणी बरोबर असावे आणि मुलांनी घोळका सोडून जंगलात शिरू नये. अस्वल आणि बिबट्या यांचे ते घर आहे. तटावर धावू नये, दगड सुटलेले आहेत. भिंतींवर खिळ्याने किंवा कोळशाने नावे लिहू नयेत. पाचशे वर्षांच्या भिंतीवर आपले नाव लिहिल्याने आपण मोठे होत नाही, भिंत मात्र खराब होते. मंदिरात, मशिदीत, दर्ग्यात, जेथे जाल तेथील रीत पाळावी. आणि शक्य असेल तेथे पायी चढावे. वाहनातून चढणाऱ्याला डोंगर किती उंच आहे हे कळत नाही आणि मग तो जिंकायला किंवा राखायला काय पडले असेल हेही कळत नाही.

ज्यांना माहूर दूर पडते त्यांनी जवळून सुरुवात करावी. मुखेडलाच दशरथेश्वराचे प्राचीन शिल्पसमृद्ध मंदिर आहे. कंधारला खंदकाने वेढलेला भुईकोट किल्ला आहे आणि हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गा आहे. उदगीरचा किल्ला आहे, जेथे इ. स. १७६० मध्ये मराठे आणि निजाम यांचे युद्ध झाले. आपल्या बालाघाटच्या माळरानावर गावोगाव पडक्या गढ्या आहेत. विद्यार्थी मित्रांनो, सुटीत आपल्या गावची गढी पाहा, ती कोणाची होती हे घरातल्या वृद्ध माणसांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ही माणसे आज आहेत, उद्या नसतील. तुमची वही हाच तुमच्या गावचा पहिला इतिहासग्रंथ ठरेल.

दुसऱ्या सहलीहून आल्यावर मी त्या शिलाईकाम करणाऱ्या पालकांकडे मुद्दाम गेलो. खुर्रमच्या हत्तींची गोष्ट त्यांना सांगितली, महमूद गावानची सांगितली, सोनापीर बाबांची आणि रायबागनचीही सांगितली. त्यांनी यंत्र थांबविले आणि शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, “म्हंजे सर, सगळ्यांचंच हाय की तिथं.” मी म्हणालो, “होय चाचा. आणि म्हणूनच तुमच्या धाकट्या मुलीचेही संमतीपत्र आणले आहे.” ते हसले. कागद हातात घेऊन त्यांनी नीट वाचला आणि कानावरची पेन्सिल काढू लागले. “पेन्सिलीनं नको,” असे म्हणून मी खिशातले पेन त्यांच्या पुढे केले.

असे संमतीपत्र आपल्याही घरी येईल. त्यावर सही करावी, एवढीच नम्र विनंती.